ब्रूस डिकिन्सन: आधी 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ' की 'द केमिकल वेडिंग'?

आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड तोंडपाठ झाला, आता त्याचा गायक ब्रूसचं सोलो काम ऐकायचं आहे, पण एकच अल्बम घ्यायचा तर कुठला? मीही याच प्रश्नावर बरेच दिवस अडलो होतो.

तो १९९३ मध्ये मेडनमधून बाहेर पडला आणि १९९९ मध्ये परतला. मधल्या काळातले 'बॉल्स टू पिकासो' आणि 'स्कंकवर्क्स' सावकाश ऐकले तरी चालतील. पहिल्यातलं 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन' तेवढं मागे ठेवू नका. खरी निवड १९९७ चा 'ॲक्सिडेंट ऑफ बर्थ' आणि १९९८ चा 'द केमिकल वेडिंग' यांच्यात आहे.

वाजवणारी माणसं दोन्हीकडे तीच. गिटारवर रॉय झी, निर्माताही तोच, आणि सोबतीला मेडनचाच जुना गिटारवादक एड्रियन स्मिथ. तरी पहिल्या पाच मिनिटांत कळतं की हे दोन वेगळ्या स्वभावाचे अल्बम आहेत.

'केमिकल वेडिंग'ची बाजू आधी मांडतो, कारण जाणकारांचा कौल बहुधा तिकडेच असतो आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. इंग्लिश कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक हा त्या अल्बमचा कणा आहे. मुखपृष्ठावर ब्लेकचंच चित्र आहे, 'जेरुसलेम'मध्ये त्याच्या ओळी येतात, मधून मधून आर्थर ब्राऊन या गायकाचं खर्जातलं पठण येतं. शेवटच्या 'द अल्केमिस्ट'मध्ये शीर्षकगीताचं ध्रुवपद परत येतं, तेव्हा सगळी गाणी एका धाग्यात ओवलेली जाणवतात. एकसंध कलाकृती म्हणून हा अल्बम वरचढ आहे, हे मान्यच.

माझी अडचण वेगळी आहे. या अल्बममधल्या गिटार खूप खालच्या स्वरात लावलेल्या आहेत, आवाज जाड आणि दाट. मी ऐकतो रात्री, घरातले झोपल्यावर, बाहेरच्या खोलीत, दोन साध्या स्पीकरवर. 'द टॉवर' सुरू झालं की शोकेसची सरकती काच थरथरायला लागते. कागदाची घडी करून फटीत खोचली, स्पीकरखाली जुनी सतरंजी घातली. काच गप्प झाली, पण भिंतीतून जाणारी धमक थांबेना. म्हणून आवाज कमी करावा, तर गिटारच्या त्या थरात ब्रूसच बुडतो. 'बुक ऑफ थेल'सारखं आठ मिनिटांचं गाणं शब्दांसाठी कान टवकारून ऐकावं लागतं. चांगल्या हेडफोनवर हा त्रास बराच कमी होत असेल, पण मला कान झाकून ऐकायला आवडत नाही.

'ॲक्सिडेंट'मध्ये हा प्रश्न आला नाही. तिथे गळा पुढे आहे. 'टेकिंग द क्वीन' हळू आवाजातही पूर्ण ऐकू येतं. 'मॅन ऑफ सॉरोज' पियानोवर उघडतं आणि ब्रूस पहिली ओळ जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतो. तिथे त्याचा श्वाससुद्धा कानावर येतो. मग तोच आवाज हळूहळू चढत जातो. 'डार्कसाइड ऑफ ॲक्वेरियस'मध्ये तर एकाच गाण्यात किती वळणं आहेत! 'फ्रीक'नंतरचा 'टोल्टेक'चा छोटा तुकडा मला उगाच वाटतो, आणि 'वेलकम टू द पिट' मी बरेचदा सोडून देतो. म्हणजे निर्दोष नाही. 'हे तर मेडनच झालं' असा आक्षेपही घेतात. मुखपृष्ठ मेडनचे जुने मुखपृष्ठकार डेरेक रिग्ज यांचं, गिटार स्मिथची, त्यामुळे आक्षेपात तथ्य आहे. पण त्या वर्षांत खुद्द मेडन ब्रूसच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीबरोबर वेगळ्या वाटेवर होतं. जुन्या मेडनची ओढ असणाऱ्याला ती ओढ इथेच भागवता येत होती.

१ फेब्रुवारी २००८ ला मेडनच्या दौऱ्याची सुरुवात मुंबईत झाली. बँडचं विमान ब्रूस स्वतः चालवत आला होता. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्या मैदानात मी बराच मागे उभा होतो, स्टेजवरची माणसं बोटाएवढी दिसत होती, पण त्याचा शब्द न् शब्द पोचत होता. घरी अल्बम लावताना मी तेच शोधत असतो.

मोठे स्पीकर आणि स्वतंत्र खोली असेल, किंवा ब्लेकची गोडी असेल, तर 'केमिकल वेडिंग'पासून सुरुवात करायला हरकत नाही. बाकीच्यांनी, मला वाटतं, 'ॲक्सिडेंट' आधी घ्यावा. रात्री ऐकणार असाल तर शेवटचं 'आर्क ऑफ स्पेस' संपेपर्यंत थांबा. ते संपल्यावर मला लगेच दुसरं काही लावावंसं वाटत नाही.