गादीवाफा की खोलगट वाफा? काळ्या मातीतल्या सांदवाडीसाठी

सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसबागेत, नांगर न लावता, आच्छादनावर भाजीपाला घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न वाफ्याचा येतो. माती वर ओढून गादी करायची, की माती काढून वाफा खाली घ्यायचा? पर्माकल्चरमध्ये, म्हणजे निसर्गाच्या घडीवर बेतलेल्या शेतीपद्धतीत, साधारण असं सांगतात की पावसाच्या मुलखात वाफा वर असावा आणि कोरड्या मुलखात खाली. आपली पंचाईत अशी की जुलैत चिखलातून चप्पल निघत नाही आणि मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. एकाच वाफ्याला दोन्ही सोसायचं असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरामागे २० बाय ३० फुटांची जागा आहे. तिथे तीन वर्षं दोन्ही प्रकार शेजारी शेजारी केले.

गादीवाफ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती कमजोर नाही. इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठीच रुंद वरंबा-सरीची पद्धत बसवली, आणि आज या पद्धतीने, म्हणजे बीबीएफवर, सोयाबीन पेरणारे शेतकरी आपल्याकडे गावोगावी दिसतात. भारी माती पाणी सोडत नाही, मुळांना हवा मिळत नाही, म्हणून पीक वर उचलायचं. झडी लागली की हे पटतं. पहिल्या वर्षी आठ दिवसांच्या झडीत माझ्या खोलगट वाफ्यातली वांगी पिवळी पडून गेली आणि गादीवरची पोळ्यापर्यंत भरून आली. गादीवर वाकावंही कमी लागतं. आईला सांभार (कोथिंबीर) खुडायला तीच बरी वाटायची.

माझं मन फिरलं ते भेगांमुळे.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, हे आपल्याला माहीत आहे. पण गादी वरून वाळते तशी बाजूंनीही वाळते, याचा विचार मी आधी केला नव्हता. मार्च संपेस्तोवर कडेला बोट जाईल एवढी भेग पडायची, एप्रिलअखेर पूर्ण पंजा आत जायचा. बादली ओतली की पाणी त्या भेगेत शिरून खालून सरीत निघायचं. वरची दोन बोटं माती ओली दिसायची आणि मुळाशी कोरडं ठाक. भेग बुजवली की दोन दिवसांत शेजारी दुसरी. आमच्याकडे उन्हाळ्यात नळ दोन दिवसांआड येतो. घरच्या वापरातून राखलेलं पाणी असं भेगेत जाताना पाहिलं की जीव तुटायचा.

एका मे महिन्यात लग्नासाठी तीन दिवस बाहेर राहावं लागलं. दोन्हीकडे एकाच दिवशी टोकलेली भेंडी होती. परत आलो तर गादीवरची करपून गेली होती. खोलगट वाफ्यातली माना टाकून होती, पण संध्याकाळी पाणी दिल्यावर सकाळी उभी झाली. हे काही मोजमाप नव्हे. सावलीचा थोडा फरक असेलही. तरी तेव्हापासून मी नवी गादी केली नाही.

आच्छादनाचंही तेच. सोयाबीनचं कुटार (भुसा) गादीवर टिकत नाही. वाऱ्याने उडतं, कोंबड्या उकरून सरीत लोटतात, वळवाची पहिली सर आली की घसरतं. खोलगट वाफ्यात चारी बाजूंचा धुरा (बांध) त्याला धरून ठेवतो. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणारे बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर आच्छादनाच्या जोडीला वाफशावर, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्यावर, इतका भर का देतात, ते मला या वाफ्यात समजलं. मे महिन्यात वीतभर कुटार बाजूला सारून मूठभर माती दाबली तर ती ओली लागते, पण चिकटत नाही. मात्र जूनमध्ये कोवळ्या रोपांभोवती कुटार घालू नका. त्याच्या ओलीखाली वाणी नावाचे बहुपायी किडे जमतात आणि उगवतं बी कुरतडतात. रोपं हातभर झाल्यावर घाला. हे दोन्ही वाफ्यांना लागू आहे.

पावसाळ्याचं काय, असं कोणी विचारेल. मी वाफ्यात धोपा (अळू) लावतो, त्याला पाणी साचलेलं मानवतं. वांगी-मिरची धुऱ्यावर घेतो. वाफ्यातून काढलेली माती धुऱ्यावरच पडते, म्हणजे पावसाळ्यापुरती गादी आपोआप तयार होते. उन्हाळ्यात धुऱ्यालाही भेगा पडतातच, म्हणून तेव्हा तो रिकामा ठेवतो. जास्तीचं पाणी एका तोंडातून केळीच्या खड्ड्यात जातं. न्हाणीचं पाणीही मी तिकडेच वळवलं आहे.

तुमची जमीन बरड, मुरमाड असेल तर माझ्या मते फार विचार न करता वाफा खाली घ्यावा. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात पाऊस आमच्यापेक्षा बराच जास्त, तिथे कदाचित गादीच बरी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात माझा अनुभव तसाच्या तसा लावू नका. तिथे वाफ्यापेक्षा गोड्या पाण्याचा प्रश्न आधी सोडवावा लागेल. आणि घरात गुडघ्याचं दुखणं असलेलं माणूस बाग पाहणार असेल, तर एक गादी उंबऱ्याजवळ ठेवा, सांभारापुरती.

खोलगट वाफा करायचा ठरलं तर दिवाळीच्या सुमारास खोदा. तेव्हा आमच्या मातीला वाफसा असतो. मे महिन्यात कुदळ उसळते, जुलैत माती कुदळ सोडत नाही. ८-९ इंच खोली मला पुरली. पाणी जायचं तोंड खोदतानाच ठेवा. मृगाच्या आधी ते उघडायचं, दसऱ्यानंतर बुजवायचं.