‘मी ॲडमिन बोलतोय’: ग्रुपमधून पर्सनलवर नेऊन होणारी फसवणूक

टेलिग्रामच्या ग्रुपवर कुणीतरी अडचण मांडतं, “पैसे भरले, पण ॲक्सेस आला नाही. कुणाशी बोलू?” ग्रुपवर उत्तर यायच्या आत त्याच्या पर्सनलवर मेसेज येऊन पडतो. फोटो ॲडमिनचा, नावही ॲडमिनचंच. “नमस्कार, तुमची तक्रार पाहिली. मीच बघतोय. आता ग्रुपवर काही टाकू नका, बाकीच्यांचा उगाच गोंधळ होतो.”

सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. माणूस ग्रुपवर बोलत राहिला तर कुणीतरी जाणता सभासद लगेच सांगेल की हा भामटा आहे. म्हणून आधी त्याचं तोंड बंद करायचं आणि मग त्याला एकट्याला गाठायचं.

पुढे दोन वाटा असतात. पहिली पैशांची. “रिफंडसाठी खातं व्हेरिफाय करावं लागेल, थोडी रक्कम भरा, लगेच परत येईल.” पहिली रक्कम मुद्दाम किरकोळ ठेवतात. ती मिळाली की “व्यवहार अडकला, सोडवायला पुन्हा भरा” सुरू होतं, आणि आधीचे पैसे वाचवायच्या नादात माणूस भरत जातो.

दुसरी वाट कोडची. “तुम्हाला एक कोड येईल, तो फक्त सांगा.” हा कोड तक्रारीचा नसतो, तुमच्या खात्यात शिरण्याचा असतो. टेलिग्राममध्ये आलेला लॉगिन कोड तुम्ही टेलिग्रामवरच कुणाला पाठवलात तर तो बाद होतो. भामट्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून ते सांगतात, “आकडे सुटे सुटे लिहा,” “उलट्या क्रमाने लिहा,” नाहीतर “फोनवर वाचून दाखवा.” कोड असा वाकडातिकडा करून मागितला की संवाद तिथेच थांबवा.

खरा-खोटा ओळखायला नाव आणि फोटो कुचकामाचे, कारण दोन्ही कुणालाही लावता येतात. एकमेव असतं ते यूजरनेम, पण तिथेही हातचलाखी चालते. इंग्रजी मोठा आय आणि छोटा एल पडद्यावर सारखेच दिसतात, आणि एखादी जादा अंडरस्कोअर नजरेतून सहज सुटते. सगळ्यात बेमालूम युक्ती बायोची, म्हणजे प्रोफाइलमधल्या स्वतःविषयीच्या ओळीची. भामटा स्वतःचं यूजरनेम ठेवतच नाही आणि बायोमध्ये खऱ्या ॲडमिनचं यूजरनेम लिहितो. घाईत प्रोफाइल उघडणाऱ्याला ते दिसतं आणि त्याची खात्री पटते. ज्या ओळीला ‘यूजरनेम’ असं लेबल आहे तेवढीच ओळ धरा. बायोत कुणीही काहीही लिहू शकतो.

नुसतं वाचून ताडण्यापेक्षा उलट्या बाजूने जाणं बरं. ग्रुपवर खऱ्या ॲडमिनने टाकलेला एखादा मेसेज शोधा, त्याच्या नावापुढे ‘ॲडमिन’ लिहिलेलं आहे ना ते बघा, नावावर टॅप करा आणि तिथूनच चॅट उघडा. उघडलेल्या चॅटमध्ये आत्ताचं संभाषण दिसलं नाही तर तुमच्याशी बोलणारा दुसराच कुणी आहे. ‘ॲडमिन’ ही खूण फक्त ग्रुपमध्ये दिसते, पर्सनल चॅटमध्ये नाही, आणि याच फटीतून हा धंदा चालतो. ‘सपोर्ट बॉट’ (आपोआप उत्तरं देणारं खातं) म्हणवणाऱ्याने स्वतःहून पहिला मेसेज केला तर तोही माणूसच समजा. टेलिग्रामचा बॉट सहसा तुम्ही ‘स्टार्ट’ दाबल्याशिवाय तुमच्याशी बोलू शकत नाही.

आता ग्रुप सांभाळणाऱ्यांबद्दल. परमिशन्समध्ये जाऊन फोटो, लिंक, पोल, सगळं बंद करता येतं, पण दोन सभासदांमधले पर्सनल मेसेज ॲडमिनला रोखता येत नाहीत. टेलिग्रामवर 100 पेक्षा जास्त सभासद असतील तर सभासदांची यादी लपवता येते. ती जरूर लपवा, म्हणजे एकगठ्ठा नावं कुणाच्या हाती लागणार नाहीत. मात्र जो ग्रुपवर लिहितो तो दिसतोच, आणि भामट्याला नेमका तोच हवा असतो. स्लो मोडचा (दोन मेसेजमध्ये ठरावीक वेळ थांबायला लावणाऱ्या सेटिंगचा) इथे काहीच उपयोग नाही, कारण हे लोक ग्रुपवर चकार शब्द काढत नाहीत. नवीन माणूस मंजुरीनेच आत येईल असं करा, सभासदांकडचा ‘मेंबर जोडण्याचा’ हक्क काढा, आणि ॲडमिनच्या नावाने अधूनमधून सभासदांच्या यादीत शोधा. तोतया बऱ्याचदा तिथेच सापडतो.

सगळ्या ॲडमिनची यूजरनेम लिहून, ‘आम्ही आधी पर्सनलवर येत नाही’ असा मेसेज पिन करणं हा चांगला उपाय आहे. पण तो पिन करून संध्याकाळी स्वतःच कुणाला तरी “जरा पर्सनलवर या” म्हणणारे ॲडमिन कमी नाहीत. असा नियम नसलेलाच परवडला.

त्याहून मोठं नुकसान ॲडमिनचंच खातं गेल्यावर होतं. चोर पिन केलेला मेसेज बदलतो, पैसे भरायचा तपशील स्वतःचा टाकतो, आणि लोक विश्वासाने भरतात. म्हणून ॲडमिन नेमताना सगळी बटणं चालू ठेवू नका. मदतनीसाला मेसेज डिलीट करणं आणि माणूस बॅन करणं एवढं पुरतं. ‘नवे ॲडमिन जोडणे’ हा हक्क मालकाशिवाय कुणालाही देऊ नका, नाहीतर एका चोरलेल्या खात्यातून चोर आपली माणसं बसवतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पासवर्ड प्रत्येक ॲडमिनला सक्तीचा करा, म्हणजे नुसता कोड हाती लागून कुणी आत येणार नाही. काही विचित्र घडलं तर ‘रीसेंट ॲक्शन्स’ (ग्रुपमध्ये केलेल्या बदलांची यादी) लगेच बघा आणि त्याचे स्क्रीनशॉट काढा. तिथे फक्त मागच्या 48 तासांच्या नोंदी राहतात.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, त्यामुळे अनोळखी लोकांचा गोतावळा असेल तर साध्या ग्रुपऐवजी कम्युनिटीचा अनाउन्समेंट ग्रुप (फक्त ॲडमिनने सूचना टाकायचा) बरा. तिथे सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. डिस्कॉर्डवर ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ ही एक परमिशन चॅनेलवरची सगळी बंधनं ओलांडते, म्हणून ती सोयीसाठी वाटू नका. सर्व्हरमधल्या (तिथल्या ग्रुपमधल्या) लोकांचे डीएम, म्हणजे पर्सनल मेसेज, बंद करण्याची सोय तिथे प्रत्येक सभासदाला स्वतंत्र मिळते. ती कुठे आहे हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी दाखवा.

कोड दिला गेला असेल तर वेळ दवडू नका. टेलिग्राममध्ये सेटिंग्ज, मग डिव्हाइसेस, आणि ‘टर्मिनेट ऑल अदर सेशन्स’. नव्याने लॉगिन झालेल्या डिव्हाइसला पहिले 24 तास बाकीच्यांना बाहेर काढता येत नाही, त्यामुळे जुन्या फोनवर बसलेल्या तुमचं पारडं तेवढा वेळ जड असतं. त्यानंतर चोर तुम्हालाच बाहेर काढू शकतो. व्हॉट्सॲप गेलं असेल तर आपल्या नंबरवर पुन्हा नोंदणी करा. एसएमएसमधला 6 आकडी कोड टाकताच चोर बाहेर पडतो. त्याने टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन (आकडी पासवर्ड) लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत यायला 7 दिवस थांबावं लागेल, पण तोही आत नसतो.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला फोन, मग बाकी सगळं. भामट्याला “तू पकडला गेलास” असं मुळीच सांगू नका. टेलिग्रामवर तो अख्खं चॅट दोन्ही बाजूंनी पुसू शकतो आणि मागे काही उरत नाही. आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात प्रोफाइल आणि यूजरनेम दिसू द्या, पैसे पाठवल्याची पावती वेगळी जपा. मग रिपोर्ट आणि शेवटी ब्लॉक. रागाच्या भरात लोक आधी ब्लॉक करून चॅट उडवतात आणि तक्रारीला हातात काही उरत नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलंत की आणखी एक मेसेज येईल, “माझेही असेच गेले होते, या माणसाने परत मिळवून दिले.” तो ‘माणूस’ आधी फी मागेल. फसलेल्यांच्या पोस्ट शोधत फिरणारी ही दुसरी टोळी असते, काही वेळा पहिलीच नव्या नावाने. त्याचाही स्क्रीनशॉट आधीच्या पुराव्यांसोबत ठेवा आणि उत्तर देऊ नका.