कोत द्यू रोन आणि मिरीचं सुकं मटण

फ्रान्समध्ये ल्योनच्या दक्षिणेला रोन नदीच्या खोऱ्यात द्राक्षं पिकतात, तिथली ही रोजच्या जेवणातली रेड वाइन. कोत द्यू रोन या नावाला अधिकृत मान्यता 1937 सालची. आंप्वी गावच्या गिगाल घराण्याची बाटली यातली ओळखीची. तिच्यात द्राक्षाच्या तीन जाती: साधारण निम्मी सिराह, उरलेली बहुतेक ग्रनाश आणि थोडी मूर्वेद्र. पहिली रेड घेणाऱ्यालाही बिनधास्त सुचवावी अशी ही वाइन आहे, पण ठाण्यात ती जमते की बिघडते हे तापमान आणि तिखट या दोनच गोष्टींवर ठरतं.

चव ड्राय, गोडवा नाही. वासात पिकलेलं जांभूळ, मे महिन्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी द्रोणात मिळतात ती करवंदं आणि मागून काळी मिरी. मिरीचा भास कल्पनेतला नाही. सिराहच्या सालीत रोटनडोन नावाचं द्रव्य असतं आणि मिरीचा वासही त्याच द्रव्याचा. घोट गिळल्यावर हिरड्यांवर जांभळासारखा तुरटपणा राहतो, तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या सालीतल्या तुरट द्रव्याचा. अल्कोहोल 14 टक्क्यांच्या वर, त्यामुळे तोंडात ती भरदार लागते.

रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात. ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये पारा 30 वर असतो. त्या उष्णतेत अल्कोहोल नाकात झोंबतं, फळाचा वास दबतो. बाटली बर्फ आणि पाणी घातलेल्या बादलीत 12 ते 15 मिनिटं बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा पाणी घातलेला बर्फ लवकर थंड करतो, कारण पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. फ्रिजमध्ये दीड-दोन तास लागतात. मात्र गार करण्याच्या भरात 10 अंशांवर नेलीत तर तुरटपणाच तेवढा उरेल.

विकत घेताना बूच पाहा. ते वर उचललेलं असेल किंवा कडेला चिकट ओघळ असेल तर बाटली कुठेतरी तापली आहे. आतली वाइन शिजवलेल्या मुरांब्यासारखी लागते. शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊच नका.

आता जेवण. मिरीचं सुकं मटण ही हिची खरी जोडी. अर्धा किलो मटणाला दीड चमचा भरड मिरी, 50 ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, भरपूर परतलेला कांदा. लाल तिखट अर्ध्या चमच्याच्या वर नको. मटणातली प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात, म्हणून वाइन मऊ लागते, आणि मीठ कडवटपणा मोडतं. सीकेपी घरातले खिमा पॅटिसही छान जमतात. शाकाहारी पानात भरली वांगी: गोड्या मसाल्यातलं दगडफूल आणि भाजलेले तीळ या वाइनच्या मातकट बाजूला अगदी शोभतात. गूळ मात्र चिमूटभरच, गोड वाढलं की वाइन आंबट वाटू लागते.

मामलेदारची मिसळ आणि ही वाइन एकत्र आणू नका. अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, टॅनिन ती आणखी खरवडतं. मिसळीचा त्यात काही दोष नाही, तिला ताकच हवं. नवी मुंबईच्या आगरी-कोळी ताटातले बोंबील, सुकट, सुरमईही बाजूला ठेवा; रेडमधलं लोह माशाच्या तेलाशी भिडलं की तोंडात शिळ्या मासळीची चव उरते. सोलकढी वाइन संपल्यावरच, कारण कोकमाच्या आंबटपणापुढे हीच वाइन पाणचट लागते.

750 मिलीच्या बाटलीत पाच ग्लास होतात. ग्लास तिसरा हिस्साच भरा, वासाला जागा लागते. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर दोन, फार तर तीन दिवस टिकते. त्यानंतर ती मटणाच्या मॅरिनेशनला वापरा.