हलकं निघालं म्हणून खूश झालो, तिथेच फसलो

गाडीच्या टपावर बसवायचा तंबू स्वतः बनवायला घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. माझे ४२,००० रुपये गेले. पैशांपेक्षा जास्त लागलं ते वेगळंच, पुढच्या वेळी त्या तंबूत माझी सात वर्षांची मुलगी झोपणार होती.

मुळात हा उद्योग का, ते आधी सांगतो. वैतरणाच्या बॅकवॉटरला, भंडारदऱ्याला आम्ही वर्षातून चार-पाच वेळा तरी जातो. पावसाळ्याच्या तोंडाला जमिनीवर तंबू ठोकला की चिखल, विंचू आणि रात्रभर पाठीखाली दगड. टपावरचा तंबू हवा होता, पण तयार मिळणारे बरेचसे साठ-सत्तर किलोंचे. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत टपावर ५० किलोपर्यंतच वजन न्या असं लिहिलंय. हा आकडा चालत्या गाडीचा असतो, कारण कसारा घाटाच्या वळणावर किंवा ब्रेक मारताना टपावरचं ओझं गाडीला खेचतं. उभ्या गाडीचं टप त्याहून बरंच जास्त तोलतं, म्हणून तर वर दोन माणसं झोपू शकतात. तंबू ज्यांवर बसतो ते टपावरचे आडवे दांडे, म्हणजे क्रॉसबार, गेले ६ किलो. म्हणजे तंबू ४४ किलोंच्या आत बसायला हवा. वर्षभर मी याच आकड्याच्या मागे होतो. बिजागरी, झाकण उचलून धरणारे गॅस स्ट्रट, गादी, शिडी, एकेक वस्तू लटकत्या काट्यावर तोलून वहीत लिहिली. डिझाइनचं काम मी नोकरीतही करतो, त्यामुळे हिशेब पक्का होता.

वजनाची सगळी मदार तळाच्या पॅनलवर होती. २१० बाय १३० सेंटिमीटर, २० मिलिमीटर जाड, वर-खाली ०.७ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये अॅल्युमिनियमचंच हनीकोंब, म्हणजे मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी. हे गर्डरसारखं काम करतं. ताण आणि दाब दोन्ही पत्रे घेतात, मधली जाळी त्यांना एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवते आणि सरकू देत नाही. जाळी कच्ची असेल तर पत्रे कितीही चांगले असोत, उपयोग नाही.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडवाल्याचा नंबर ओळखीतून मिळाला. माणूस बोलायला गोड. "साहेब, आपला माल विमानाच्या कारखान्यात जातो," हे त्याचं पहिलं वाक्य. ओझरला विमानं बनतात हे नाशिककराला वेगळं सांगावं लागत नाही आणि विमानात हनीकोंब वापरतात हेही खरं, त्यामुळे मी मान डोलावली. कारखान्याचं एखादं चलन किंवा ऑर्डरचा कागद दाखवा, एवढंही मी म्हणालो नाही. त्याने तळहाताएवढा नमुना हातात दिला. तो नमुना शंभर टक्के अस्सल होता. कापलेल्या कडेला जाळी दिसत होती, उजेडाकडे धरून बघितली. सोबत प्रयोगशाळेचा चाचणी अहवाल मोबाइलवर पाठवला, त्यावर एनएबीएलचं, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, चिन्ह आणि अहवालाचा क्रमांकही होता.

तळ आणि झाकण, दोन पॅनलचे मिळून ४२,००० ठरले. ३०,००० आगाऊ यूपीआयने, तेही कंपनीच्या खात्यावर नाही, त्याच्या स्वतःच्या नंबरवर. "बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल, तुमचेच पैसे वाचवतो," असं म्हणाला आणि मी ऐकलं. ही माझी सगळ्यात महागडी चूक. बिल नाही म्हणजे मालाचं वर्णन कुठेही नाही.

दहा दिवसांनी पॅनल आले. चारही कडा चॅनेलने बंद केलेल्या, कोपरे घासून गुळगुळीत, बघत राहावं असं काम. बिजागऱ्यांसाठी कडेला भरीव ठोकळे आधीच बसवून दिले होते, म्हणजे मला मध्ये कुठे ड्रिल मारायची वेळच येणार नव्हती. आज कळतं की ती माझी सोय म्हणून केलेली नव्हती. चौकटीसह तळ १६ किलो भरेल असा माझा हिशेब होता. काट्यावर भरला १४. दोन किलो वाचले म्हणून मी घरात पेढे आणले. आणि उरलेले १२,००० रोख मोजून दिले.

हिशेबात दोन किलोंचा फरक पडतो तेव्हा काहीतरी कमी घातलेलं असतं. जास्त भरलं असतं तर मी त्याला फोन केला असता, कमी भरलं म्हणून मी विचारलंच नाही.

एका माणसाने मात्र विचारलं होतं. तंबूचं कापड मी पंचवटीतल्या एका काकांकडून शिवून घेतलं. आयुष्यभर मंडपाच्या कनाती शिवलेला माणूस. दुहेरी शिलाई, आतून टेप, खिडकीवर पाणी ओघळेल अशी झालर, सगळं मन लावून केलं. पाइपने अर्धा तास पाणी मारलं तरी आत थेंब नाही. मापं घ्यायला आले तेव्हा त्यांनी तळावर मधोमध बोटाच्या पेरांनी टकटक केलं आणि म्हणाले, "दादा, पत्र्याचा आवाज असा बसका का येतो हो?" मी त्यांना हनीकोंब म्हणजे काय ते समजावून सांगितलं. काकांचे कान बरोबर होते. असे पॅनल नाण्याने ठोकून आवाजावरून तपासायची पद्धत विमानांच्या देखभालीतही आहे. जाळी नीट चिकटलेली असेल तर आवाज खणखणीत येतो, बसका आवाज म्हणजे आत गडबड.

पहिली रात्र दिंडोरीजवळ मामांच्या द्राक्षबागेत काढायची ठरली. मी आणि धाकटा भाऊ, दोघंच. मुलगी रडत होती मला पण यायचंय म्हणून, तिला आईने थांबवलं. रात्री दोनच्या सुमारास भाऊ खाली उतरला, शिडीने परत वर आला आणि मागच्या टोकाला गुडघा टेकवला, तसा कडकन आवाज झाला आणि ते टोक वीतभर खाली गेलं. तो शिडीला धरून होता म्हणून वाचला. टॉर्च घेऊन खालून बघितलं. मागच्या क्रॉसबारला लागून पॅनलच्या खालच्या पत्र्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत सुरकुती उठली होती, दुधावर फुंकर मारल्यावर साय सुरकुतते तशी.

सकाळी मामांकडचं ड्रिल घेतलं आणि पॅनलच्या मधोमध भोक पाडलं. आधी पत्र्याचा चंदेरी कीस आला. मग पांढरे दाणे. ड्रिलच्या टोकाला, माझ्या मनगटाला, शर्टाच्या बाहीला चिकटले, झटकले तरी पडेनात. थर्माकोल. टीव्हीच्या खोक्यात असतो तो. जाळीपेक्षाही हलका, म्हणूनच काटा दोन किलो कमी दाखवत होता. उन्हात पत्रा तापतो आणि ऐंशी अंशांच्या आसपास थर्माकोल मऊ पडायला लागतो, म्हणजे पहिल्या रात्री टिकलं असतं तरी एका उन्हाळ्यानंतर त्यावर भरवसा नव्हता. वर तो पेट घेतो ते वेगळंच.

अहवालावरच्या नंबरवरून प्रयोगशाळेला फोन लावला. क्रमांक खरा निघाला, पण अहवाल दुसऱ्याच ग्राहकाच्या, दुसऱ्याच जाडीच्या नमुन्याचा होता. पाच मिनिटांचा फोन. तो आगाऊ रक्कम देण्याआधी करता आला असता.

शेडवाल्याने आधी फोन उचलला नाही. मग म्हणाला, "तुम्हाला हलकं हवं होतं, हलकं दिलं." राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, वकिलांमार्फत नोटीस पाठवली, आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. कुणावर अशी वेळ आली असेल तर सांगतो, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. बिल नसलं तरी गप्प बसू नका. माझ्याकडे यूपीआयची नोंद होती आणि नशिबाने एक व्हॉट्सअॅप मेसेज: "आतलं कोअर अॅल्युमिनियम हनीकोंब, २० एमएम, बरोबर ना?" त्यावर त्याने अंगठा पाठवला होता. वकील म्हणाले, याच अंगठ्याचा आधार आहे. फोनवर तासन्‌तास झालेल्या बोलण्यातलं काहीच हाताशी नाही. म्हणून फोनवर ठरलेलं प्रत्येक माप त्याच दिवशी लिहून पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पैसे देऊ नका.

नवा तळ दुसऱ्याकडून घेतला, पक्क्या बिलावर, आतल्या मालाचं वर्णन बिलात लिहून. कडा उघड्या ठेवायला सांगितल्या, चॅनेल मी घरी बसवले. मोठ्या शीटमधून माझा तुकडा कापताना समोर उभा राहिलो आणि उरलेली पट्टी मागून घेतली. घरी गच्चीवर दोन लाकडी वाशांवर, क्रॉसबारच्याच अंतराने, पॅनल ठेवलं आणि पाण्याचे २० लिटरचे दहा जार वर मांडले. २०० किलो. दोरी ताणून पट्टीने मोजलं, टोक ५ मिलिमीटर वाकलं होतं. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी जार उतरवल्यावर टोक परत दोरीला टेकलं. मग मी स्वतः दोन्ही टोकांना गुडघ्यावर बसून बघितलं, भावालाही बसवलं.

तळ चौकटीसह १६ किलो २०० ग्रॅम भरला. काकांना बोलावून टकटक करायला लावलं. त्यांनी चार ठिकाणी ठोकून बघितलं, मग मधोमध परत एकदा, आणि म्हणाले, "हां, आता बोलतोय."