टॉर्कीचं सर्फिंग म्युझियम, मेलबर्नकरांनो एकदा जाऊन याच

मेलबर्नहून सव्वा तासाची ड्राइव्ह, रविवारी पोरांना घेऊन गेलो आणि तिथेच रमलो. जुने जड लाकडी बोर्ड आणि नंतरचे हलके फोमचे शेजारी शेजारी बघितले की खेळ किती बदलला ते लगेच कळतं. प्रो वर्ल्ड टूर 1976 ला सुरू झाली, पहिला चॅम्पियन पीटर टाउनएंड त्या वर्षी एकही स्पर्धा न जिंकता नुसत्या पॉइंट्सवर पहिला आला, कमालच ना! मला सगळ्यात भावला सायमन अँडरसन, 1981 ला इथल्याच बेल्स बीचवर अक्राळविक्राळ लाटांत स्वतः बनवलेला तीन फिनवाला (फिन म्हणजे बोर्डाखालचं पातं) बोर्ड घेऊन स्पर्धा जिंकला आणि मग जवळपास सगळ्यांनी तोच धरला. लेक प्रत्येक बोर्डाखाली वाकून फिन मोजत होती. पाच स्टार.