शब्दांच्या यादीऐवजी वाक्यवही: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेसाठी आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी जूनपासून आठ महिने जी वाक्यवही, म्हणजे नवे शब्द पूर्ण वाक्यांतून शिकण्याची वही, वापरली, तिच्याविषयी हे लिहीत आहे. ही वही बाजारात मिळत नाही. दोनशे पानी फुलस्केप वही, शिसपेन्सिल, निळा पेन आणि घरातला एक शब्दकोश एवढ्यावर ती तयार होते. मी जिंतूर तालुक्यातील एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे वाक्ये वेचण्यासाठी जुनी वर्तमानपत्रे आणि मासिके माझ्या हाताशी होती. ही सोय प्रत्येक घरी नसते, हे आधीच सांगितले पाहिजे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सुरुवात यादीनेच केली होती. एका खासगी शिकवणीकडून समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांची झेरॉक्स मिळाली होती आणि मुलगी त्यातले रोज वीस शब्द घोकत असे. एका संध्याकाळी तिने ‘मुबलक म्हणजे विपुल’ असे न अडखळता म्हणून दाखवले. विपुल म्हणजे काय, असे मी विचारले तेव्हा तिने तितक्याच सहजतेने ‘मुबलक’ असे उत्तर दिले. तिच्या मनात या दोन्ही शब्दांमागे काहीच उभे नव्हते. एक अनोळखी शब्द दुसऱ्या अनोळखी शब्दाकडे बोट दाखवत होता. महिनाभराच्या मेहनतीनंतर तिची ही अवस्था पाहून मला फार वाईट वाटले आणि दुसऱ्या दिवशीपासून ती यादी आम्ही बंद केली.

परीक्षेचे स्वरूप पाहिले तरी यादी पुरी पडत नाही, हे लक्षात येते. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत दोन तासांत १०० गुणांचे ८० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांपैकी भाषेचे २० प्रश्न २५ गुणांसाठी असतात. हे प्रश्न चार उताऱ्यांवर, प्रत्येकी पाच याप्रमाणे येतात आणि शब्दाचा अर्थ किंवा विरुद्धार्थ विचारला जातो तोही त्या उताऱ्यातील शब्दाचा. एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० जागा असतात, त्यामुळे सव्वा गुणाचा एकेक प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. पाचवीच्या शिष्यवृत्तीतही प्रथम भाषेचे ५० गुण होते.

वहीची पद्धत साधी आहे. डाव्या पानावर छापील मजकुरातले एक पूर्ण वाक्य उतरवायचे आणि अनोळखी शब्दाखाली रेघ मारायची. समोरच्या पानावर मुलीने आधी शिसपेन्सिलीने आपला अंदाज लिहायचा आणि त्याखाली तो अंदाज वाक्यातील कोणत्या शब्दावरून बांधला तेही लिहायचे. त्यानंतरच शब्दकोश उघडायचा, खरा अर्थ निळ्या पेनाने लिहायचा आणि शेवटी आपल्या गावातले, घरातले किंवा शाळेतले एक नवे वाक्य तयार करायचे. पहिल्या पंधरवड्यात मी रोज दहा शब्दांचा आग्रह धरला आणि तो चुकला. तीन शब्दांवर आल्यानंतरच वहीत जीव आला. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली विस्मरणावर जे काम प्रसिद्ध केले, त्यावरून पाठांतराला ठरावीक अंतराने उजाळा द्यावा लागतो हे मला माहीत होते, म्हणून प्रत्येक पान दुसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी पुन्हा वाचायचे असे आम्ही ठरवले.

या वहीची खरी किंमत मला जुलैमध्ये कळली. वर्तमानपत्रातून मी ‘परिसरात बिबट्याचा वावर वाढल्याने ग्रामस्थ भयभीत झाले आहेत’ हे वाक्य उतरवून दिले होते. माझ्या मते त्यातला अवघड शब्द ‘भयभीत’ हा होता आणि रेघही मी त्याच्याखालीच मारली होती. मुलगी मात्र ‘वावर’पाशी अडली. आमच्याकडे वावर म्हणजे शेत, ते तिच्या रोजच्या बोलण्यातले. तिने माझ्या सासऱ्यांना विचारले, “आबा, बिबट्याला कुठलं आलं वावर? अन् ते वाढलं कसं?” आबांनी तिला जवळ बसवून सांगितले, “आपण वावरात वावरतो का नाही? तसा बिबट्या त्या भागात वावरतोय.” तिने वहीत ‘वावर’ला दुसरी रेघ मारली आणि खाली लिहिले की ‘वाढल्याने’ या शब्दामुळे येथे शेत बसत नाही. यादीत हा शब्द आला असता तर तो आपल्याला येतोच असे समजून ती पुढे गेली असती. ओळखीचा शब्द अनोळखी अर्थाने येतो तेव्हाच मूल अधिक फसते, आणि प्रमाण भाषेपासून थोड्या वेगळ्या बोलीत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत हे पुष्कळदा घडते.

बोलीचा अडथळाच होतो असे मात्र मुळीच नाही. ‘पावसाने ओढ दिल्याने दुबार पेरणीचे संकट उभे राहिले’ या वाक्यातली ओढ तिला कोणी शिकवावी लागली नाही. त्या आठवड्यात आमच्या घरी दुसरे बोलणेच नव्हते. तिला नवी होती ती ‘माहेरची ओढ’. तसेच एका उताऱ्यात ‘हयातभर’ हा शब्द आला, तेव्हा आबा दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला देतात हे तिला आठवले आणि अर्थ तिचा तिनेच लावला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता, त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी उर्दू-फारसीतून आलेले शब्द आजही भरपूर ऐकू येतात. मुलांनी अभ्यास करताना आजी-आजोबांजवळ बसावे, असे मी अगदी मनापासून सुचवीन.

एका शब्दाची अनेक वाक्ये एकाच पानावर गोळा करणे हा या वहीचा सर्वांत समृद्ध भाग ठरला. ‘पात्र’ या शब्दासाठी आम्ही चार वाक्ये घेतली: येलदरी धरणातून पाणी सोडल्याने पूर्णा नदीचे पात्र भरून वाहू लागले, पूजेसाठी तांब्याचे पात्र घासून ठेवले, नाटकातील मुख्य पात्र शेवटच्या अंकात येते, दहा उमेदवार मुलाखतीस पात्र ठरले. मुलीने बराच वेळ ते पान पाहिले आणि म्हणाली, “आई, पात्र म्हणजे ज्यात काहीतरी मावतं.” संस्कृतातही भांडे या अर्थावरूनच योग्यतेचा अर्थ आला आहे, हे मी तिला नंतर सांगितले, पण धागा तिला आधीच सापडला होता.

अंदाज कशावरून बांधायचा, हे मात्र शिकवावे लागते. ‘परंतु’, ‘तरीही’, ‘उलट’ असे शब्द दिसले की पुढचा अर्थ आधीच्या विरुद्ध दिशेला जातो. ‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ कारण व परिणाम जोडतात. आमच्या तालुक्यातल्या चारठाण्याची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, तिने पाहिलेली होती, म्हणून मी वाक्य दिले: ‘दुष्काळात गावातील विहिरी कोरड्या पडल्या होत्या, तरीही बारवेत मुबलक पाणी होते.’ ज्या शब्दाने उन्हाळ्यात आम्हाला दमवले होते त्याचा अर्थ तिने ‘तरीही’वर बोट ठेवून अर्ध्या मिनिटात सांगितला.

आता उणिवा. पहिली उणीव ‘अनाहूत’ या शब्दाने दाखवली. ‘अनाहूत पाहुणे दारात पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या’ या वाक्यावरून तिने अनाहूत म्हणजे भांडखोर असा अंदाज लिहिला. वाक्य पाहता हा तर्क चुकीचा म्हणता येत नाही, तरीही अर्थ चुकलेलाच होता. त्या दिवशी माझे काम असल्याने शब्दकोश पाहायचा राहिला, आणि चुकीचा अर्थ इतका घट्ट बसला की ‘न बोलावता आलेले’ हा खरा अर्थ रुजवायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून एका वाक्यावर विसंबायचे नाही आणि शब्दकोश त्याच दिवशी उघडायचा, हा नियम आम्ही मोडला नाही.

दुसरी उणीव इंग्रजीत आढळली. शिष्यवृत्तीच्या तृतीय भाषेसाठी हीच पद्धत वापरून पाहिली, पण वाक्यातले चार शब्द अडत असतील तर पाचव्याचा अंदाज कशावरून बांधणार? न्यूझीलंडमधील भाषाभ्यासक पॉल नेशन यांनी सहकाऱ्यासह २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मदतीशिवाय मजकूर नीट समजण्यासाठी त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच ठाऊक असावे लागतात असे मांडले आहे; म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी शब्द एखादाच. इंग्रजीसाठी आम्ही चित्रांकडे आणि छोट्या, सोप्या वाक्यांकडे वळलो. जी मुले मराठीही अडखळत वाचतात, त्यांच्यासाठी आधी मोठ्याने वाचनाचा सराव हवा, वही त्यानंतर.

तिसरी गोष्ट वेळेची. तीन शब्दांना रोज अर्धा तास लागतो आणि त्यातला पंधरा मिनिटांचा वेळ मोठ्या माणसाचा असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरी तो निघाला नाही आणि दोन आठवडे वही बंद राहिली.

जानेवारीपर्यंत वहीत चारशेच्या आसपास वाक्ये झाली. सरावाच्या उताऱ्यांत शब्दार्थाचे प्रश्न जी मुलगी आधी कोरे सोडत असे, ती आता परत उताऱ्यात जाऊन ती ओळ शोधते, पर्याय एकेक करून त्या जागी ठेवून वाचते आणि भाषेचा भाग अर्ध्या तासाच्या आत संपवते.

वाचनालयात येणाऱ्या चौथीच्या सहा मुलांसाठी मी येत्या जूनपासून अशाच वह्या आखून देणार आहे. त्यांत दोन बदल केले आहेत: प्रत्येक शब्दाला तीन वाक्यांची जागा ठेवली आहे, आणि रेघ मारायचे काम मुलांकडेच दिले आहे.