मिनिआपोलिसचा स्कायवे: नोव्हेंबरात सासू-सासरे आले तेव्हा

डाउनटाउनमध्ये राहायला आल्यापासून स्कायवे, म्हणजे इमारतींना रस्त्याच्या वरून जोडणारे बंदिस्त काचेचे पूल, रोजच्या वापरात आहे. उन्हाळ्यात मला त्याचं काही कौतुक वाटत नव्हतं. खाली निकोलेट मॉल नावाच्या रस्त्यावर छान ऊन असताना वरच्या काचेच्या पुलांवरून कशाला चालायचं? नोव्हेंबरात सासू-सासरे नाशिकहून आले आणि मत बदललं. ते परत जायच्या आत मत पुन्हा थोडं बदललं.

आधी चांगलं सांगते. विमानतळावरून ब्लू लाइन या शहरी रेल्वेनेच आणलं त्यांना. तिकीट दोन डॉलर, पासष्टीपुढच्यांना एकच. टॅक्सीला दिले असते तेवढ्यात आठवड्याची भाजी येते. गव्हर्नमेंट प्लाझाला उतरलो, वर चढलो आणि तिथून पुढे थंडीचा संबंधच संपला. बाहेर पारा शून्य सेल्सियसच्या आसपास, साडेचारला अंधार, आणि आई साडीवर नुसता स्वेटर घालून आरामात चालताहेत! नंतर रोज दुपारी आम्ही आयडीएस सेंटर या इमारतीतल्या क्रिस्टल कोर्ट नावाच्या चौकात काचेच्या छताखाली जाऊन बसायचो. बाबांना घरात कोंडून बसणं जमत नाही. सुमारे ऐंशी ब्लॉक जोडणारा हा रस्ता त्यांना फिरायला मिळाला, तोही फुकट. यासाठी मी स्कायवेची मनापासून ऋणी आहे.

आता दारं. एका शनिवारी संध्याकाळी निम्म्या वाटेत पुढच्या इमारतीचं दार बंद. मागे वळलो, तर आलो होतो ते दारही तेवढ्यात बंद झालेलं. जिना उतरून वाऱ्यातून चार ब्लॉक चालत घरी आलो. बाबांचा गुडघा आधीच धरलेला. "अगं, बंद होणार हे आधी कुठे लिहिलं का नाही?" त्यांनी विचारलं. अगदी रास्त प्रश्न आहे. १९६२ साली पहिला पूल झाला तेव्हापासून इथले पूल मुख्यतः इमारतींच्या मालकांनी बांधले, त्यामुळे प्रत्येक इमारतीची वेळ वेगळी. शेजारच्या सेंट पॉलमध्ये स्कायवे सार्वजनिक व्यवस्था म्हणून उभा राहिला. इथे तसं नाही. ठीक आहे, मालकी खाजगी असू दे. पण पुढचं दार किती वाजता बंद होतं, ते आधीच्या दारावर मोठ्या आकड्यांत लिहायला कितीसा खर्च येतो? संध्याकाळी आणि रविवारी म्हातारी माणसं घेऊन निघणाऱ्याला तेवढं कळलंच पाहिजे. मी त्या इमारतीच्या ऑफिसात दोनदा सांगून आले. पाटी अजून लागलेली नाही.

दुसरी अडचण स्वच्छतागृहांची. सर्वांना खुली असलेली फार कमी आहेत, म्हणून निघण्यापूर्वी घरूनच जाऊन यावं. जेवणाची बरीच दुकानंही दुपारच्या जेवणाची वेळ सरली की आवरतात.

कोटाचं विचाराल तर नाशिकहून जाड कोट आणायला सांगू नका. मिनेसोटात कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, आणि थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात, चांगले कोट मिळतात. आईंचा तिथलाच आहे.

सोमवार ते शुक्रवार, दुपारी चारच्या आत: पाचपैकी पाच. शनिवार-रविवार: दोन. पुढच्या नोव्हेंबरात माझे आई-बाबा येताहेत. त्यांना सोमवारचंच तिकीट काढायला सांगितलंय.